क्लिफ आणि बेरिल

"ऊठ," नेव्हिल म्हणाला.

ग्लेनिस उतरली. व्हॅनचं इंजिन तिच्याच सीटखाली होतं, त्यामुळे काही बिघडलं की आधी तिला उठावं लागे. नेव्हिलने सीट उचलून मागे टेकवली. वाफेचा लोट टपाला जाऊन भिडला आणि गोडसर, जळका वास सुटला.

"पाइप गेला," तो म्हणाला.

"मी सेड्यूना गावातच म्हटलं होतं. सीटखालून वास येतोय, पाइप बदलून घे."

"तू पुष्कळ म्हणतेस. छप्पर गळतंय म्हणतेस, फ्रिज गार होत नाही म्हणतेस. इंजिनातलं कळतं का काही तुला? टेप दे."

तिने टेप दिली. व्हॅन घेऊन जेमतेम महिना झाला होता. घेताना नेव्हिलने मागचा पलंग दाबून पाहिला, पडदे सरकवून पाहिले आणि लगेच मालकाच्या मुलाशी हात मिळवला. सीट उचलून बघ, असं ती तेव्हाही म्हणाली होती.

गाडी थांबवायला केलेली ती एक उघडी जागा होती. एक बाक, एक कचऱ्याचं पिंप. चारी बाजूंना सपाट माळ, त्यावर गुडघ्याएवढी करडी झुडपं. इंजिन निवेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. ग्लेनिसने पलंगाखालून एक गुंडाळी आणि प्लास्टिकची पट्टी काढली आणि ती व्हॅनच्या मागच्या बाजूला गेली.

मागच्या दारावर चिकटवलेल्या मोठ्या निळ्या अक्षरांत आधीच्या मालकांची नावं होती, 'क्लिफ आणि बेरिल', आणि खाली गाडी-गाडीत बोलायच्या रेडिओचा चॅनल, अठरा. या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांवर असतात तशी. मागून येणारे ती वाचायचे आणि रेडिओवरून हाक मारायचे. महिनाभर ग्लेनिसला सगळे बेरिल म्हणत होते. मुक्कामाच्या ठिकाणी कपडे वाळत घालताना बायका विचारायच्या, "बेरिल, चिमटे आहेत का गं जास्तीचे?" गुंडाळीत नवी अक्षरं होती, तिने पोर्ट ऑगस्टाच्या दुकानातून कापून घेतलेली: 'नेव्हिल आणि ग्लेनिस'.

"आत्ता?" नेव्हिलने आतून विचारलं. "इथे पाणी उकळतंय आणि तुला नावं सुचतायत."

"तुला काही मदत हवीय का?"

"नको."

तिने 'बेरिल'च्या पहिल्या अक्षराखाली पट्टी घातली. उन्हाने अक्षर कडक झालं होतं, पण कोपरा सुटला.

तेवढ्यात मागून एक कॅरव्हॅन आली, जरा हळू झाली आणि हॉर्न देऊन पुढे गेली. लगेच व्हॅनमधला रेडिओ खरखरला.

"काय क्लिफ, रुसली का म्हातारी?"

नेव्हिलने माइक उचलला. "रुसली नाही रे, तापलीय. सकाळी तिला गुड मॉर्निंग म्हणायचं राहिलं."

ग्लेनिसचा हात थांबला. माइक हातात आला की तो असाच बोलायचा. मोकळा, जरा खोडकर. माइक खाली ठेवला की ते संपायचं.

"पाणी आहे ना? थांबू का आम्ही?"

"नको, मित्रा, व्हा तुम्ही पुढे. पाइप फाटलाय, बांधलाय. चूक माझीच. बेरिलने सेड्यूनातच सांगितलं होतं, बदलून घे म्हणून. गाडी घेतानाही म्हणाली होती, सीट उचलून बघ. मी कुठला ऐकतोय."

"बायकोचं ऐकलं असतं तर आपण आज घरी नसतो का?" पलीकडचा हसला.

"नाही रे, तसं नाही. इंजिनाचा आवाज जरा बदलला की मला कळायच्या आत ती माझ्याकडे बघते. ती शेजारी नसती तर मी पहिल्याच आठवड्यात परत फिरलो असतो."

"हे तिला सांगितलंस का कधी?"

"तिला माहीत आहे."

"नशीबवान आहे तुझी बेरिल. सांभाळ तिला."

"तीच सांभाळते मला," नेव्हिल म्हणाला आणि त्याने माइक आकड्याला अडकवला.

ग्लेनिसने सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. तो परत उचलला गेला. मग तिने त्यावर तळहात ठेवला आणि अंगाचा भार देऊन तो दाबून धरला. पत्रा भाजत होता.

"काढलीस नावं?" नेव्हिलने विचारलं.

"निघत नाहीत."

"मग महिनाभर माझं डोकं कशाला खाल्लंस?" त्याने सीट खाली आपटली. "बस. आणि मधेमधे वास येतोय, आवाज येतोय, सुरू करू नकोस. मला कळतं."

नव्या अक्षरांची गुंडाळी तिने पिंपात टाकली आणि ती आपल्या जागेवर येऊन बसली. इंजिन दोनदा कुरकुरलं, मग लागलं. व्हॅन रस्त्याला लागली. सीट खालून तापत होती. वासही येत होता.

ग्लेनिसने आकड्यावरून माइक काढला आणि नेव्हिलपुढे धरला.

"मागून कुणीतरी येतंय," ती म्हणाली. "बोल."

नेव्हिलने मागे पाहिलं नाही. माइक घेतला, घसा साफ केला. त्याचा चेहरा सैल झाला.

"काय मंडळी, क्लिफ बोलतोय. मी आणि बेरिल..."

ती सीटला डोकं टेकून ऐकत राहिली. तिच्या बाजूच्या आरशात रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता.