गुरुजींचा श्वास

चंद्रकलाला खोकल्याची उबळ आली, तेव्हा आईने भाकरी थापता थापता विचारलं, "चंद्रे, तुला आला की गुरुजींना?"

चंद्रकलाने पडद्याकडे बोट दाखवलं. तिकडे पुण्यात गुरुजी खोकत होते, म्हणून गावोगावचे त्यांचे शिष्यही खोकत होते. गळ्यातला पट्टा गुरुजींचा सूर आणि श्वास जसाच्या तसा शिष्याच्या गळ्यात उतरवायचा. शिक्षण सगळ्यांना फुकट होतं. फक्त गुरूच्या आधी उठायचं नाही, ही रीत पाळायची म्हणून गुरुजींनी "पुरे" म्हटल्याशिवाय पट्टा सुटत नसे.

"त्यांना कुणीतरी अडुळसा द्या," आई म्हणाली, "म्हणजे आख्खा तालुका बरा होईल."

गुरुजींनी खर्ज लावला. चंद्रकलाचा खर्ज इतका सुरेख कधीच लागला नव्हता. मग पडद्यावर गुरुजींची मान अलगद तंबोऱ्यावर टेकली आणि सूर थांबला.

चंद्रकला पुढच्या श्वासाची वाट बघू लागली. तिने पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.

"म्हातारा झोपला वाटतं," आई म्हणाली. "अगं, पण तू का काळीनिळी पडतेस?"

पडद्यावर गुरुजींची सून चहा घेऊन आली. "बाबा, पुरे आता," ती म्हणाली.

पट्ट्याला तिचा आवाज ओळखीचा नव्हता.