हातात नारळ

खांदा कॉलनीच्या वळणावर निशाला सासू दिसली. रंभाबाई नऊवारी नेसून, ओटीचं ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या.

मॅरेथॉनचे चाळीस किलोमीटर संपले होते. उरले होते दोन. बायकांमध्ये निशा पहिली होतीच, पण नुसत्या पहिल्या नंबरावर भागणार नव्हतं. पावणेतीन तासांच्या आत पोचली तरच बंगळुरूचा कॅम्प. गेल्या वर्षापर्यंत तिथे फक्त पुरुष जायचे. यंदा पहिल्यांदाच बायकांना दार उघडलं होतं: तोच कोच, तोच पगार, तोच वर्षभराचा करार. निशाचा नवरा सुशांत त्या दारावर दोनदा धडका देऊन परत आला होता. मग त्याने स्वतःचे बूट माळ्यावर टाकले आणि बायकोचा कोच झाला. पहाटे तिला उठवणारा तोच. आणि रोजचा त्याचा एकच पाढा, "स्टॉलवरचं पाणी सोडून रस्त्यात कुणाकडून काही घ्यायचं नाही. देवाने प्रसाद दिला तरी नाही. बाद होशील."

निशाच्या पुढे दोन पुरुष धावत होते. रंभाबाईंनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. निशाला दिली नाही.

"थांब गो पोरी. ओटी भरल्याबिगर जाव नको."

"आई, आत्ता नको!"

"आत्ताच. पुडल्या वर्षी पालना हलू दे."

आजूबाजूच्या बायका मोबाइल धरून उभ्या होत्या. सासूची ओटी झिडकारून पळालेली सून म्हणून जन्मभर नाव निघालं असतं. पदर नव्हता, म्हणून निशाने टी-शर्टचं टोक पुढे धरलं. तांदूळ मांड्यांवरून रस्त्यावर सांडले. खण घामाला चिकटून राहिला. नारळ रंभाबाईंनी तिच्या हातातच कोंबला. तो टाकून द्यायचं निशाच्या मनात आलं, पण ओटीचा नारळ टाकवेना. त्याला छातीशी धरून ती जीव तोडून धावली.

चौदा सेकंद राखून तिने रेषा ओलांडली. तिथेच गुडघ्यांवर बसून ती वेड्यासारखी हसत सुटली.

पंचांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी नारळाकडे पाहिलं.

"बाहेरची वस्तू घेतलीत. बाद."

"अहो, ओटी आहे ती! सासूबाईंनी भरली!"

"पुरुषांपैकी कुणी नारळ घेऊन आला का, मॅडम? नियम सगळ्यांना सारखा. बायकांना समानताच हवी होती ना?"

निशाला रडूही येईना. सुशांतने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. "जाऊ दे. नशीब एकेकाचं. चल, घरी जाऊ." फार दिवसांनी तो इतकं मऊ बोलला होता. निशाला उलट त्याचीच दया आली. तिच्या सरावात आठ वर्षं त्यानेही घातली होती.

तेवढ्यात रंभाबाई रिक्षातून उतरल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी सुनेचा हात धरला आणि हुंदके देत म्हणाल्या, "माजंच चुकलं गो. मी तं घरी भरनार व्हते. सुशांत बोलला, नाय आये, रस्त्यातच भर. आनि नारल तिच्या हातातच दे."