शेजार पाहून घेतलेलं घर

सामानाचा टेम्पो रिकामा होऊन घाट उतरायला लागला, तरी काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. नव्या घरापेक्षा त्यांचं लक्ष समोरच्या घराकडे होतं. तिथे एक आजी चुलीपुढे बसल्या होत्या आणि डोंगर चढायला आलेली पोरं हेल्मेट काखेत धरून त्यांचे फोटो काढत होती.

"अहो, घर काय, नंतर बघू. आधी शेजार बघा," काकू म्हणाल्या.

"आणि नाही आवडला तर? टेम्पो परत बोलावू?" काका शिलाईचं मशीन खिडकीपाशी सरकवत होते.

खरं तर शेजार आवडला म्हणूनच घर घेतलं होतं. शहरात काकांचं टेलरिंगचं दुकान होतं आणि वरच राहायची जागा. गेल्या हिवाळ्यात काका कापड आणायला गेले असताना काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. काका येईपर्यंत हाका मारत होत्या. भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता, जिन्यात माणसांची ये-जा होती, पण ओ द्यायला कुणी आलं नाही. पाय पुढे बरा झाला. एकटं पडण्याची धास्ती मात्र काकूंच्या मनात घर करून बसली.

मग मुलीने दोघांना एका दिवसाच्या सहलीला इथे पाठवलं. दगडी घरं, घंटाघर, हातमाग आणि दरीवरचा दोरांचा पूल. पुलाच्या मध्यावर काकू दोर घट्ट धरून अडून राहिल्या, तशी माग सोडून विणकरीण धावत आली. "घाबरताय काय? मी आहे ना!" म्हणाली आणि हात धरून पलीकडे घेऊन गेली. परतीच्या बसमध्येच काकूंनी हट्ट धरला. घराचा मालक शहरातच राहायचा. त्याने घासाघीस न करता घर दिलं. काकांनी दुकान काढून टाकलं. आता मागे जायला काही उरलं नव्हतं, आणि काकूंना जायचंही नव्हतं.

दुपारी घंटा वाजवणारे आजोबा डोकावून गेले.

"बरं झालं हो आलात. घराला माणूस हवंच."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?" काकांनी विचारलं.

"जन्मच इथला माझा. तुम्हाला पूल दाखवला का कुणी?" म्हणत आजोबा कोट सावरत पाहुण्यांच्या घोळक्याकडे वळले.

काका त्या कोटाकडे बघत राहिले. टेलरची नजर, दुसरं काय बघणार! "अगं, कोपरावर ठिगळ आहे, पण खालचं कापड चांगलं धड आहे. विणकरणीच्या जाकिटालाही तसंच."

"फाटायच्या आधीच लावत असतील. काटकसरी माणसं आहेत. तुमच्यासारखी नाहीत, फाटेपर्यंत थांबणारी."

काका पुन्हा मशीनकडे वळले. हरलेल्या वादात ते फार वेळ रमत नसत.

स्वयंपाकाला लागल्यावर मिठाचा डबा काही सापडेना. काकूंना आनंदच झाला. शेजारी जाऊन मीठ मागायचं म्हणजे शेजार खऱ्या अर्थाने सुरू झाला!

आजींच्या चुलीवर मोठं पातेलं होतं आणि वाफेने खोली भरली होती. पण आजी ओशाळल्या.

"मीठ नाही हो. चिमूटभरसुद्धा नाही. उद्या आणते, चालेल?"

"राहू द्या हो. काय रांधताय?" काकूंनी सहज झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

काकूंनी झाकण हळूच परत ठेवलं. त्या तडक घरी आल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हातारी लोकांसमोर नुसतं पाणी उकळत बसते हो. लाज राखायला. आजपासून तिचं जेवण आपल्याकडून."

"अगं, विचारून तरी बघ."

"असं कुणी कुणाला विचारतं का?"

मीठ शेवटी पुस्तकांच्या खोक्यात सापडलं. ठेवलं होतं काकांनीच, म्हणून तो विषय तिथेच मिटला. काकूंनी भात केला, भाजी केली. आजींना चावायला नको म्हणून भाजी मऊ शिजवली. डोंगराआड सूर्य गेला तशी दोघं डबा घेऊन निघाली. आजींचं दार बंद होतं. चूल विझवलेली दिसत होती.

गल्ली उतरून चौकात येतात तो सगळे तिथेच. पाहुण्यांची परतीची बस लागली होती. आजोबा होते, विणकरीण होती, आजी होत्या.

"बघा," काकू काकांच्या कानात म्हणाल्या, "पाहुण्यांना निरोप द्यायला अख्खं गाव लोटतं. नाहीतर आपला जिना!" इतक्या दिवसांत काका त्यांना एवढं खुशीत पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना स्वतःलाही हलकं वाटलं.

पाहुणे चढले. काकूंनी पुढे होऊन आजींच्या हातात डबा दिला.

"माझ्यासाठी?" आजींनी झाकण किलकिलं करून वास घेतला. त्यांचा चेहरा उजळला. "असं आजवर कुणी केलं नव्हतं हो. देवमाणसं आहात."

"आता रोज आहोतच की," काकू म्हणाल्या.

आजींनी डबा पिशवीत नीट बसवला आणि दांडा धरून बसमध्ये चढल्या. त्यांच्या मागून विणकरीण चढली. आजोबांनी कोट काढून हातावर घेतला आणि तेही चढले. बस सुरू झाली, तशी आजींनी खिडकीची काच सरकवून मान बाहेर काढली.

"सकाळच्या बसने आम्ही कामावर येतोच, काकू. तोवर दार आतून नीट लावून घ्या हं, रात्री गावात कुणीच नसतं."