नत्थुजीचा सदरा

बाईनं सदरा नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"अजून त्यांच्या घामाचा वास येतोय," ती नवऱ्याला म्हणाली. "हाच घेऊ या."

कुलदीप कॉफीच्या यंत्रामागे उभा होता. बाईनं कॉलर उलटी केली, तिथली काळपट रेघ पाहून खूश झाली. काखेतले पिवळे डाग बोटानं चाचपले आणि त्याच बोटांनी बशीतलं बिस्कीट उचललं.

सदऱ्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकत होती. 'नत्थुजी. अकोला जिल्हा. कापूस पिकवत होते. आता नाहीत.'

शाकीबनं सदरा खाकी कागदात बांधून दिला.

नागावच्या किनाऱ्यावरचं हे दुकान तिघा मित्रांचं. मोर्शीचा कुलदीप, परतवाड्याच्या शिंप्याचा मुलगा शाकीब आणि अकोल्याची अनीसा. तिघं अमरावतीला एकाच कॉलेजात होते. चिखलदऱ्याची कॉफी आणि वऱ्हाडच्या कापसाचे कपडे समुद्रावर नेऊन विकायचे, कुणाची चाकरी करायची नाही, हे त्यांनी तिथंच ठरवलं होतं. कॉफी चालली. शाकीबनं शिवलेले कोरे सदरे मात्र टांगल्या जागी खाऱ्या हवेनं चिकट झाले.

मग एका गिऱ्हाइकानं कुलदीपच्या अंगातलाच विटका सदरा मागितला. "हा खरा वाटतो," तो म्हणाला. तेव्हापासून अनीसा अकोटकडच्या खेड्यांत कोरे सदरे द्यायची आणि बदल्यात अंगावरचे जुने आणायची. एकदा त्या गाठोड्यात मेलेल्या माणसाचा सदरा आला. शाकीबनं चिठ्ठीवर तसं लिहिलं. तो सदरा त्याच दुपारी विकला गेला. मग अनीसा अशा, माणूस गेलेल्या घरांना सदऱ्यामागे रोख पैसे द्यायला लागली.

त्या वर्षी पेपरात रोज वऱ्हाडातल्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची नावं यायची. सदऱ्यांना तोटा नव्हता.

बाई गेल्यावर कुलदीप बाहेर आला. "माणूस मेला अन् आपण त्याचा घाम विकून राहिलो."

"त्याच्या बायकोची चूल पेटून राहिली ना?" शाकीब शांतपणे म्हणाला. "पेपरातलं नाव कोण वाचते? इथं वाचते तरी."

"तुले किळस येत नाही?"

"येते. तुह्यासारखी बोलून दाखवत नाही, एवढंच."

कुलदीपनं यंत्र बंद केलं. नत्थुजीच्या नावाचा आणखी एक सदरा खुंटीला होता, तो काढून पिशवीत घातला आणि निघाला. गाडीत पिशवी त्यानं पायाशी ठेवली. डब्यात उकाडा होता. कपड्याचा आंबूस वास वर येत राहिला. मनमाडला चहा घेतला, तो त्यानं तसाच खिडकीबाहेर ओतला.

अकोल्याहून जीपनं तो नत्थुजीच्या गावात पोचला. नत्थुजीच्या बायकोचं, जमुनाबाईचं नाव अनीसाच्या वहीत होतं; हातपंपावरच्या बायकांना त्यानं तिचं घर विचारलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि बोट दाखवलं.

अंगणात एक बाई तूर पाखडत होती. कुलदीपच्या हातातली पिशवी दिसताच तिनं पदर पुढं ओढला आणि कपाळ पुसत आत गेली.

खाटेवर एक म्हातारा बसला होता. अंगात कोरा सदरा, पाठीला घामानं चिकटलेला.

"बसा बापू. कुठून आले?"

"मी त्या दुकानातला. समुद्रावरच्या." कुलदीपनं सदरा काढून खाटेवर ठेवला. "नत्थुजीचा आहे. परत आणला."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "परत? कावून? खपला नाही काय?"

कुलदीपला शिसारी आली. घरचाच माणूस असं विचारतो. "खपला असता. मलेच विकवला नाही. तुमी त्याचे कोण?"

"लहानपणापासून संगच आहो." म्हाताऱ्यानं सदऱ्याची घडी नीट केली. "लोकं काय म्हणते तिकडं?"

"काय म्हणणार! काल एका बाईनं याच्यासारखाच एक नाकाले लावला. वास घेतला."

"नाकाले?"

"हो."

म्हाताऱ्यानं सदऱ्यावरून हात फिरवला. "रडली काय थे?"

"नाही. खूश झाली."

"असं." म्हाताऱ्यानं मान हलवली. "जित्तेपणी तर त्याच्या बाजूले एस्टीतही कोणी बसे नाही."

 शाकीबचा, त्या बाईचा, स्वतःच्या हातांचा कुलदीपला एकदम वीट आला. तो खाली वाकला आणि म्हाताऱ्याचे पाय धरले. "माफ करा, बाबाजी. मी थे दुकान सोडलं. तुमच्या माणसाचा बाजार केला आमी. आता एकही सदरा जाणार नाही, मी पाहतो."

"अरे अरे, असं नोको करू बापू," म्हातारा घाबरून म्हणाला. "दुकान कायले बंद करता?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक माणूस डोकावला आणि म्हाताऱ्याकडे पाहून ओरडला, "ओ नत्थुजी! या खेपेले त्या अनीसाबाईले मी, देवमन, मेलो म्हणून सांगजा बरं, तुमचं मरण लय झालं आता!"