पातेल्याची सीट

गाडीतली पाचवी सीट पातेल्याची, असं सांगून स्मारोने विषय संपवला आणि पुढचा टोमॅटो पोखरायला घेतला.

शनिवारची दुपार. स्वयंपाकघरात उद्याच्या समुद्राची आखणी चालली होती. जुलैच्या रविवारी थेसालोनिकी शहरात मागे राहतो तो एक तर आजारी, नाही तर कुणी न विचारलेला. साडेसहाला निघायचं, आठाच्या आत एपानोमीचा किनारा गाठायचा, झाऊच्या झाडांची सावली धरायची. आठनंतर जाणाऱ्याला सावली मिळत नाही, दुसऱ्यांच्या पाठी बघायला मिळतात. तीस वर्षं हे सगळं स्मारोच ठरवत आली होती आणि तिचा मुलगा स्टेर्यिओस मान डोलावत आला होता. आज मात्र त्याने तोंड उघडलं. म्हणाला, या वेळी मिर्सिनीबाईंनाही नेऊ या.

मिर्सिनी म्हणजे विहीण. लिम्नोस बेटावर जन्मलेली, सत्तरी ओलांडली तरी माशासारखी पोहणारी, आणि ही गोष्ट कुणाला विसरू न देणारी.

स्मारोने शांतपणे हिशेब सांगितला. माणसं चार, पातेलं एक. भरल्या टोमॅटो-मिरच्यांचं पातेलं डिकीत ठेवलं तर छत्र्या ते उलथवतात, पायाशी ठेवलं तर रस सांडतो. त्याला सीटच लागते, वर पट्टाही लागतो.

"मी घेईन की मांडीवर, आई," सून आन्थी म्हणाली.

"पहाटे शिजवलेलं असतं, पोळेल. त्यापेक्षा तुझ्या आईला घे मांडीवर."

स्टेर्यिओसला हसू आलं. बायकोकडे बघून त्याने ते गिळलं.

स्मारोने हात पुसले आणि ती भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरपाशी गेली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी एकदा उन्हाळ्यात एकवीस डुबक्या सांगितल्या होत्या, तेव्हापासून ती दर डुबकीला तिथे पेन्सिलीने रेघ ओढायची. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं हेच. भेटली की पहिला प्रश्न, यंदा किती झाल्या? यंदा स्मारोची एकही झाली नव्हती. मुद्दामच. कानाच्या दुखण्यामुळे नातीला पाच वर्षं समुद्र बंद होता आणि जूनमध्ये डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. नातीचं नाव तिचंच, धाकटी म्हणून 'स्मारूला'. पोरीला पहिल्यांदा पाण्यात नेणारा हात आपलाच असणार, हे स्मारोने घरात चारदा सांगून ठेवलं होतं. कॅलेंडरवर तिने स्वतःच्या नावाखाली नातीचं नावही लिहून ठेवलं होतं.

"इकडे ये गं," तिने नातीला बोलावलं. "उद्या माझी पहिली, तुझी पहिली. हात सोडायचा नाही."

स्मारूलाने बोटं मोजली. "उद्या माझी पाचवी."

आन्थी उठली आणि तिने बंद असलेला नळ पुन्हा बंद केला. स्टेर्यिओस फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला.

गेल्या दोन आठवड्यांत पोरगी चार वेळा दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. तिचा एकही दात भरलेला नाही, हे स्मारोच्या आता लक्षात आलं. बोटीने पेरेआच्या किनाऱ्याला गेलो होतो, असं पोरीने आपणहून सांगितलं. आइस्क्रीमही खाल्लं.

"हात कुणाचा धरला होतास?"

"पहिल्या दिवशी मिर्सिनी आजीचा. मग तिने सोडून दिला. आता मी एकटीच तरंगते." वर ती म्हणाली, "ती म्हणते, तुला पोहता येत नाही, म्हणून तू नुसती उभी असतेस."

"स्मारूला," आन्थी हळूच म्हणाली.

पण ते खरंच होतं. स्मारो ग्रेवेनाच्या डोंगरातली. तीस उन्हाळे ती गळ्याइतक्या पाण्यात गवताची टोपी घालून उभी राहिली होती, आसपासच्या बायकांशी सुनांविषयी बोलली होती आणि घरी येऊन तिने रेघ ओढली होती. तिच्या तोंडावर हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"बरोबर सांगते ती," स्मारो म्हणाली. "उभं कुणीतरी राहावंच लागतं. नाही तर पोहणाऱ्यांनी परत यायचं कुठे?"

पोरीने यावर विचार केला. "तू कुठे असशील?"

"टोपी दिसेल तिथे."

तिने पेन्सिल नातीच्या हातात दिली. स्मारूलाने जीभ बाहेर काढून, एकेक नीट, चार रेघा ओढल्या. वरची, स्मारोच्या नावाची ओळ रिकामी होती. चार रेघांना लागतो त्यापेक्षा जास्त वेळ स्मारो त्यांच्याकडे बघत राहिली.

मग ती मुलाला म्हणाली, "फोन कर विहीणबाईंना. साडेसहाला दारात उभ्या राहा म्हणावं. येऊ देत."

आन्थीने सुस्कारा सोडला आणि ती खुर्चीत बसली. स्टेर्यिओसने लगेच नंबर लावला, आईचा विचार फिरायच्या आत.

स्मारो स्टुलावर चढली. सगळ्यात वरच्या फळीवरून तिने स्मारूलाच्या बारशाचं पातेलं काढलं, वीस माणसांचं, दोन कानांचं, एका हाताने न उचलवणारं. ते ओट्यावर ठेवलं आणि ती भरलेले टोमॅटो लहान पातेल्यातून त्यात एकेक मांडायला लागली. चार माणसांचे टोमॅटो तळाच्या एका बाजूलाच मावले. मिरच्यांची टोपली ओढून तिने सारणासाठी आणखी तांदूळ भिजवले.

"एवढं पातेलं कुठे ठेवायचं, आई?" आन्थीने विचारलं.

"तुझ्या आईच्या मांडीवर," स्मारो म्हणाली. "पोहणाऱ्या बाईच्या मांड्यांत जोर असतो."