घरचा चहा

बाबांची राईस मिलमधली नोकरी गेली, तेव्हा आईने नियम केला: नव्या पत्तीचा चहा पाहुण्यांना, त्याच पत्तीत पुन्हा पाणी घालून केलेला घरच्यांना. दिवस पालटले, केदार भोपाळला साहेब झाला, तरी आईचा नियम काही सुटला नाही. मधुवंती सून म्हणून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याही पुढे तो फिका चहा आला. केदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून बालाघाटला आलं की दोघं हॉटेलातच उतरायचे. "घरी एसी नाही ना," केदार आईला सांगायचा. घरी यायचे ते तासाभरापुरते.

यंदा आईने दोघांपुढे कप ठेवले. चहा चांगला कडक, आलं घातलेला. केदार खूश झाला.

"सुटली वाटते तुझी सवय एकदाची!"

"काहून सुटन रे?" गाळणीतली पत्ती परत गंजात टाकून आईने वरून पाणी ओतलं.

 

"घरच्याइचा आता मांडून राह्यली."