भगवान नाखव्याची हजेरी

“भगवान नाखवा?”

“हाय,” बायकांच्या बाजूने सत्यवती म्हणाली.

ऑडिटर ऋचा मॅडमचं पेन थांबलं. गव्हाणच्या मच्छीमार संस्थेची वार्षिक सभा चालू होती आणि सेक्रेटरी दिनानाथ हजेरी घेत होता.

“नवऱ्याच्या जागी बायको हजर?” तिने विचारलं.

दिनानाथ हसला. मॅडम पनवेलच्या, त्यांना काय ठाऊक, असं ते हसणं. “भगवान वादळात होडीवरून पडला मॅडम, लय वर्सं झाली. पन आमच्यात अंग हाती लागल्याबिगर मानूस गेला असं बोलत नाय. दर खेपेला त्याचा मासळीचा वाटा काढतो, हिच्या दारात पोचवतो. मतही हीच देते त्याचं.”

हे त्याने छाती फुगवून सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

ऋचाने फाईल मिटली. ती वाईट नव्हती. तिला नियम माहीत होता, एवढंच. मासेमारी करणाऱ्यांचीच संस्था, म्हणून या लोकांना आयकरात सूट होती. जो दर्यावर जातच नाही त्याच्या नावाने मत पडतं, हे अहवालात गेलं की सूट जाणार, खोटा सभासद दाखवला म्हणून नोंदणीही जाणार. भराव पडून खाडी बुजली, तिची भरपाई मागणारी हीच संस्था. नोंदणी गेली की दावाही गेला. सगळा कोळीवाडा त्या एका दाव्याकडे डोळे लावून बसला होता.

“एकच मार्ग आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “मयत म्हणून त्यांचं नाव आजच कमी करा. पत्नीने तसं लिहून द्यायला हवं.”

दर्यात ओरडून घसा फोडणाऱ्या पुरुषांनी माना खाली घातल्या. सत्यवतीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातात हिरवा चुडा. तिला सांगायची हिंमत एकात नव्हती. ती नाही म्हणाली तर काय, ही भीती मात्र सगळ्यांनाच होती.

सत्यवती स्वतःच उठली. टेबलापाशी आली.

“सही कुठं करू?”

ऋचाने कागद पुढे केला. तिलाही आता सत्यवतीकडे बघवेना. “मृत्यूची तारीख लिहावी लागते. कधी गेले?”

सत्यवतीने खाली माना घातलेल्या त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“आजची लिव, बाय.”